नावाची फळी

नावाची फळी तिसऱ्यांदा पडली तेव्हा धाकूकाका जुवाटकर पावसाळ्यासाठी वर ओढलेल्या बोटीच्या नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला, पाठ टेकून चहा पीत बसले होते. फळी हळूच सुटली, दमल्याभागल्या माणसानं टेकावं तशी क्षणभर त्यांच्या खांद्यावर टेकली आणि मग हातातला कप घेऊन वाळूत गेली. आता शिव्यांची लड सुटणार म्हणून मी थोडा मागे सरकलो. पण काकांनी शिवी दिली नाही. पालथी पडलेली फळी त्यांनी उलटी केली, अक्षरांत शिरलेली वाळू बोटानं काढली, कपाचा मोडलेला कान खिशात टाकला आणि शांतपणे म्हणाले,

"मोत्या, दर्याकच ह्यां नाव नको आसा. आपण कित्याक धरून ठेवूचां?"

जाता जाता त्यांनी निकाल देऊन टाकला. नारळी पुनवेला बोट पाण्यात जाईल. तोवर फळी बसली तर बसली. नाही बसली तर रंगाऱ्याला बोलावून नाळीवर दुसरं नाव घालायचं आणि फळी चुलीत. दुसरं नाव त्यांनी ठरवूनही ठेवलं होतं, दर्यासारंग. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा निम्म्या होड्या दर्यासारंगच होत्या. लांबून हाक मारली की सगळा किनारा वळून बघायचा.

पण त्या फळीवर कोरलेलं नाव अख्ख्या किनाऱ्यावर एकाच बोटीचं होतं. कुमुदिनी. काकांची एकुलती एक मुलगी. ती पाळण्यात असताना काकांनी सागाच्या फळीवर स्वतःच्या हातानं ही अक्षरं कोरली होती. 'दि'ची वेलांटी जरा मोठी झाली होती, शीड फुगावं तशी, आणि ती तशीच शोभायची.

ही कुमुदिनी दोन वर्षांपूर्वी मालवणच्या एका ट्रॉलरच्या ड्रायव्हरशी लग्न करून गेली होती. आजच्या पोरांना यात काय एवढं असं वाटेल. त्या काळात ट्रॉलर म्हणजे आमच्या खारवाडीचा उभा वैरी. आम्ही हातानं जाळी टाकून यायचो आणि सकाळी जाऊन बघतो तर ट्रॉलर त्यावरून फिरून गेलेला. जाळ्याच्या चिंध्या, मासळी नाही, आणि वर घाण तेलाचा तवंग. अशा घरात धाकू जुवाटकरची मुलगी गेली. काका लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर त्यांनी तिचं नाव तोंडातून काढलं नाही. तिचं नको म्हणून बोटीचंही नाही. बोटीला ते 'आपली होडी' म्हणायचे. फळी मात्र काढली नव्हती. दोन हंगाम ती बोट कुमुदिनी म्हणूनच समुद्रात गेली. या वर्षी पावसाळ्याआधी धक्क्याला नाळ घासली आणि फळी खिळखिळी झाली, तिथून हे सगळं सुरू झालं.

तुम्ही म्हणाल, मग खिळे ठोका की चार. आमच्या वाडीत बोटीच्या अंगावर वाटेल तिथे खिळा ठोकतील, नावात ठोकणार नाहीत. नावाची फळी बसवायची ती चिकटवूनच, ही रीत. मी एकदा पितळी स्क्रू सुचवून बघितले. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच विषय बदलून पावसावर आलो.

आता चिकटवण्याचं काम माझ्याकडे कसं आलं ते सांगतो. मी तेव्हा नुकताच गोव्याहून परत आलो होतो. तिथे एका गोदीत एक हंगाम काढला होता. काय काम केलं याचं वर्णन मी वाडीत जरा ऐसपैस केलं होतं. त्यात एका आगबोटीचं शेपूट लाटेनं तुटून वेगळं झालं होतं आणि मी ते रात्रीत चिकटवून दिलं होतं. सकाळी कप्तान आला तेव्हा त्याला जोड सापडेना. म्हातारे चवीनं ऐकायचे. खरं म्हणजे मी तिथे एका सुताराच्या हाताखाली सरेस ढवळत होतो. पण ढवळणाऱ्यालाही चिकटवण्याची विद्या थोडी लागतेच, ती उडून अंगावर येते. काकांनी माझी ती आगबोट ऐकली होती. एक अक्षर खरं मानलं नव्हतं. तरी बोलावणं मलाच आलं, कारण बाकीचे सगळे पावसाळ्यात जाळी विणण्यात गुंतलेले होते आणि मी गजाली मारण्यात.

नुसती फळी नव्हती. काठाची लांब पट्टी एका टोकाला उचलली होती. बसायच्या आडव्या फळीखालचा ठोकळा हलत होता. सुकाणूच्या दांड्याची मूठ हातात येत होती. माझी पद्धत एकच. संध्याकाळी फुटक्या काचेच्या तुकड्यानं दोन्ही लाकडं खरवडायची, आतलं ताजं लाकूड दिसेपर्यंत. मग रात्रभर तशीच उघडी ठेवायची, कारण पावसाळ्यात लाकूड दमट असतं आणि बोटीवर उभारलेल्या नारळाच्या झापांच्या खोपीत रात्री वारा बरा खेळतो. सकाळी चिकटवायची, दोरीनं आवळायची.

पहिली राळ. काकांचा भरवसा राळेवर. तेलात कढवून मी ती काठाला, ठोकळ्याला, मुठीला आणि फळीला लावली. काठ बसला, ठोकळा बसला, मूठ बसली. फळी दोरी सोडली तशी पडली.

मग सरेस. जनावरांच्या कातड्याहाडांचा तो गोंद शिजवताना असा वास सुटला की वाडीतली कुत्री खाडी पोहून पलीकडे गेली. त्यातलं एक मला पुढे कितीतरी वर्षांनी तिकडच्या बाजारात भेटलं, ओळख दाखवली, पण जवळ आलं नाही. सरेस पाण्याला भितो हे मला ठाऊक होतं. तो टिकवायला वरून डांबर फासायचं असं मी योजलं होतं. डांबर फासायची वेळच आली नाही.

मग बेलफळ. कच्च्या बेलाच्या बियांभोवती जो चिकट रस असतो त्यात चुना घालून घोटला की दगड होतो. वाटीत ठेवलेल्या त्या गोंदात एका कावळ्यानं चोच घातली आणि पुढे बरेच दिवस वाडीत काव ऐकू आली नाही. मी मुद्दाम त्याच गोंदानं काठाचं दुसरं टोकही चिकटवलं. ते आज बोट मोडून गेली तरी चिकटलेलं असेल. आणि फळी? फळीनं काकांचा कप फोडला, ते वर सांगितलंच.

म्हणजे गोंद तोच, हात तोच, लाकूड त्याच बोटीचं. सगळं बसतं आणि नाव तेवढं बसत नाही. वाडीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे दृष्ट, कोणी म्हणे त्या ट्रॉलरवाल्यांनी काही केलं. मला माझ्या आगबोटीची आठवण करून देणारेही निघाले. शेपूट चिकटवणाऱ्याला फळी आवरेना, असं.

कप फुटला त्याच दिवशी विहिरीवर मी गोंदाचं भांडं घासत बसलो होतो तर अनसूयाकाकी आली. काकांची बायको. बोलायची कमी, आणि बोलायची ते कामापुरतं. कळशी खाली ठेवून ती बराच वेळ माझं घासणं बघत राहिली. मग म्हणाली,

"मोतीरामा, तां नाव गेलां तर माझ्या घरात तिचां म्हणान कायच उरूचां नाय."

मी काहीतरी धीराचं बोलणार होतो. तिनं कळशी उचलली आणि गेली. एरवी मी लोकांना गप्प करतो. त्या दिवशी भांडं घासताना माझ्या लक्षात आलं की फळी बसवणं ही आता माझ्या अब्रूची गोष्ट राहिलेली नाही.

पुनव तोंडावर आली होती. मी त्या संध्याकाळी फळी आणि नाळ पुन्हा खरवडली, आणि काय चुकतंय ते सकाळच्या उजेडात नीट बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता खोपीकडे गेलो. झापांच्या फटीतून आत बघितलं आणि तिथेच थांबलो.

काकी फळीसमोर बसली होती. पुढ्यात वाटी. वाटीतल्या खोबरेल तेलात बोट बुडवून ती अक्षराअक्षरावरून फिरवत होती, सावकाश, एखाद्या मुलीच्या केसांच्या मुळांना तेल जिरवावं तसं. समोरून झालं, मागून झालं. मग उठून तिनं नाळीवरच्या, मी खरवडलेल्या जागेवर तळवा फिरवला. काही बोलत होती. फार हळू. पाऊस लय आसा, केस ओले ठेवू नको, एवढं मला ऐकू आलं.

आमच्याकडे पावसाळ्यात बोट वर ओढली की बायका म्हणतात, माहेराक इली. पहिल्या दिवशी तिला फूल वाहतात, तेलाचं बोट लावतात, आणि झालं, पुनवेपर्यंत कोणी तिकडे बघत नाही. काकीनं मात्र ते खरं मानलं होतं. माहेरी आलेल्या मुलीच्या डोक्यावर आई रोज तेल घालते, तसं ती घालत होती. रोज, मी यायच्या आधी. आणि तेल प्यालेल्या लाकडावर जगातला कुठला गोंद धरतो? राळ, सरेस, बेलफळ, सगळे बिचारे निर्दोष होते.

मी पावलं न वाजवता परत फिरलो. दुपारी तिच्या पडवीत जाऊन बसलो. थेट कसं सांगायचं म्हणून मी एक गोष्ट रचली. गोव्यात म्हणे लाकडाला एक रोग येतो, त्याला कुठलंही तेल चालत नाही, खोबरेल तर मुळीच नाही. निम्म्यात आलो तोच काकीनं तांदूळ निवडणं थांबवलं.

"बघितलंस मां तू माका?"

मी मान डोलावली.

"म्हणजे मीच पाडलंय ती. तीनव वेळा."

माझ्याकडे शब्दांची कधी टंचाई नसते, पण तेव्हा बराच शोध घ्यावा लागला. शेवटी म्हटलं, "काकी, तेलाचो काय दोष नाय. तां चुकीच्या डोक्यार पडता."

काकांनी तिला मुलीकडे जाऊ नको असं कधी म्हटलं नव्हतं. जा असंही म्हटलं नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये बसून तिनं दोन वर्षं काढली होती. उठून तिनं वाटी विसळली आणि फडताळात पालथी घातली. त्यातच मला उत्तर मिळालं.

आता गोंद असा हवा होता की पुन्हा शंका नको. ट्रॉलरवाल्यांकडे तेव्हा एक नवा गोंद आला होता. दोन डब्यांतली दोन औषधं समसमान घेऊन मिसळायची आणि चटकन लावायची. थोड्या वेळात त्याचा दगड. तो कोणाकडे मिळेल याचा फार विचार करावा लागला नाही. वाडीत कोणाला न सांगता मी एसटीनं मालवणला गेलो.

कुमुदिनी धक्क्याजवळच्या एका खोलीच्या दारात नवऱ्याचे तेलकट कपडे दगडावर घासत होती. मला बघून थांबली, पदराला हात पुसले, आत जाऊन पाणी आणलं. नवरा जगन्नाथ भला माणूस निघाला. गोंद म्हणताच दोन डबे काढून माझ्यासमोर ठेवले आणि कसा कालवायचा ते तळहातावर करून दाखवलं. कशाला हवा ते त्यानं विचारलं नाही. तिनं विचारलं. मी सांगितलं, नावाची फळी पडते.

"कोणी काढली?"

"काढली नाय. आपली आपण पडता."

तिनं दगडावरचा कपडा पुन्हा हातात घेतला. "बाबांनी काढली असती तर बरां झालां असतां," ती म्हणाली. "राग तरी दिसलो असतो."

आईवडलांची खुशाली तिनं विचारली नाही. निघताना मात्र एसटीपर्यंत पोचवायला आली आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. मी तिला माझी आगबोटीची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. म्हणजे प्रकरण अवघड होतं.

परत आलो त्या संध्याकाळी मी फळी आणि नाळ दोन्ही मनापासून खरवडली. रॉकेलचा बोळा फिरवला. कोरडं फडकं फिरवलं. काकीच्या फडताळात डोकावून वाटी पालथीच आहे ना ते बघून घेतलं. सकाळी गोंद कालवला, लावला, फळी बसवली, दोरीनं आवळली. दुपारपर्यंत त्याचा दगड झाला होता. कडेला सांडलेल्या थेंबावर मी नख मारून बघितलं, नख वाकलं. मग दोरी सोडली.

फळी माझ्या हातात आली. गोंद नाळीवरून, उकडलेल्या करांद्याचं साल निघावं तसा, सबंध निघाला होता.

खोपीत तेव्हा दुसरं कोणी नव्हतं, ही देवाची कृपा. मी गोंदाची ती पाठ उजेडात धरली. आरशासारखी गुळगुळीत. नाकाजवळ नेली आणि मान झटकन मागे घेतली. खोबरेलाचा वास नव्हता. मुशीचं तेल होतं. मुशी माशाच्या काळजाचं हे तेल बोटीच्या तळाला फासतात, म्हणून खोपीत तो वास कायमचाच आणि आजवर वेगळा कळला नव्हता. वास असा की बाया ते घरात येऊ देत नाहीत, पुरुष खोपीच्या मागे डबा पुरून ठेवतात. काकी त्याला काठीनंही शिवली नसती. आणि त्या खोपीमागे पुरलेला डबा एकाच माणसाचा होता.

मी फळी पुन्हा खरवडली, जागेवर ठेवली आणि दिवेलागणीच्या आधी बोटीत शिरून झापांखाली पडून राहिलो. अंगावर खेकडे चालत होते. त्यांना वाटलं असावं, भरतीनं आणून टाकलेलं मी काहीतरी आहे.

दिवे लागले तसे धाकूकाका आले. इकडे तिकडे बघितलं. डबा काढला, चिंधी बुडवली आणि फळीची पाठ पुसायला लागले. निगुतीनं, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग नाळीवरची जागा. मग फळी सुलटी करून अक्षरं. 'दि'च्या वेलांटीत बोट घालून तिथलंही पुसलं. मग चिंधी मांडीवर ठेवून बसले, आणि दोन वर्षांत जे नाव त्यांनी उच्चारलं नव्हतं ते मी त्यांच्या तोंडून ऐकलं.

"कुमू," काका म्हणाले. "यंदा बांगडो बरो गावतलो असां दिसता."

एवढंच. बापानं मुलीशी बोलावं तसं, घरी आल्यावर. मी खोकलो. न खोकता पडून राहिलो असतो तर सबंध रात्र ऐकावं लागलं असतं आणि ते मला झेपलं नसतं.

काका दचकले नाहीत. डबा मात्र पाठीमागे सारला, एखादा पोरगा विडी लपवतो तसा. मी खाली उतरून त्यांच्या शेजारी बसलो. मग त्यांनीच सुरुवात केली. लाकूड सुकतं, साग असला तरी सुकतो, पावसाळ्यात तेल दिलं नाही तर चिरा पडतात, असं बरंच. मी सगळं ऐकून घेतलं.

"बाकीची बोट सुकणा नाय, काका?"

त्यांनी समुद्राकडे बघितलं. तिथे अंधाराशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

मग मी त्यांना तेलावर गोंद का धरत नाही ते सांगितलं. आणि सकाळच्या वाटीचंही सांगितलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. ती सकाळी येते हे त्यांना माहीत नव्हतं आणि हे संध्याकाळी येतात हे तिला. एका छपराखाली राहून दोघांनी दोन वर्षं एकमेकांपासून ही चोरी सांभाळली होती, आणि फळी बिचारी दोन्हीकडचं तेल पिऊन घसरत होती. काकांनी मांडीवरच्या चिंधीची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"ती पण?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

मग ते म्हणाले की मी दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकटवावी. ते तेलाला हात लावणार नाहीत. आणि गोंद किती उरलाय असं विचारलं.

डब्यांत निम्म्याहून जास्त गोंद होता. मी एवढं आयुष्य थापा मारण्यात घालवलं, पण ज्या एका थापेच्या जोरावर मी वर जाऊन देवापुढे नाव सांगेन ती ही.

"संपलो," मी म्हटलं.

"मगे आणूक व्हयो."

"जो कालवता तोच आता येऊक व्हयो. माका तो जमणा नाय, काका. बघितलांत मां तुम्ही."

कालवणारं माणूस कोण, हे मी सांगितलं नाही. काकांनी विचारलं नाही. त्यांनी डबा पुन्हा पुरला, वाळू थोपटली, हात झटकले. खोपीबाहेर गेल्यावर तिथून म्हणाले, "ट्रॉलरवालो नको. तिका एकटीक येऊ दे. काम करून जाऊ दे."

मी मालवणला निरोप धाडला. कुमुदिनी पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. हातात दोन नवे डबे. काका पडवीतून खोपीपर्यंत तिच्या पुढून चालत आले, वाट दाखवावी तसे, जणू तिला ती ठाऊक नव्हती. काकी मागून. मी सगळ्यात मागून, चेहरा शक्य तितका निरागस ठेवून.

कुमुदिनीनं फळी उचलली. उलटी केली. नाकाजवळ नेली. मग नाळीचा वास घेतला. मग आईकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं. दोघंही भलतीकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, पण ती ट्रॉलरच्या घरात राहिलेली, कामाची बाई. तिनं डबे खाली ठेवले आणि म्हणाली,

"दोघांनी हात धुवन येवा. साबण लावन."

आणि धाकू जुवाटकर, ज्याच्यासमोर वाडीतला कुठल्याही होडीचा तांडेल आवाज चढवत नसे, तो बायकोच्या शेजारी विहिरीवर उभा राहून कोपरापर्यंत साबण लावत होता. एकानं राहाट ओढायचा, दुसऱ्यानं पाणी घालायचं. दोघं काही बोलत होते का ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा काकीचा पदर तोंडावर होता आणि काका फार कडक चालत होते.

तोवर कुमुदिनीनं काच घेऊन लाकूड खरवडलं, रॉकेल फिरवलं, पुन्हा खरवडलं. माझ्यापेक्षा तिचा हात जड होता, हे मी मान्य करतो. करवंटीत गोंद कालवला. माझ्या दोरीकडे बघून तिनं नाक मुरडलं. नाळ वाकडी, दोरी एका अंगाला ओढते, म्हणून फळी हातानं धरावी लागेल, असं तिचं म्हणणं. तिनं गोंद लावला, फळी बसवली आणि कोण धरणार म्हणून मागे बघितलं.

मी पुढे होणार तेवढ्यात मागून काकीनं माझा सदरा धरला. असा धरला की गळपट्टी मानेत रुतली.

काका पुढे आले. दोन्ही तळवे पसरून त्यांनी फळीवर ठेवले. कुमुदिनीनं त्यांची बोटं धरून जागा नीट करून दिली, एक हात 'कु'वर, एक 'नी'वर. दोन वर्षांनी तिचा हात त्यांच्या हाताला लागला तो असा, गोंदानं बरबटलेला.

"जोर नको," ती म्हणाली. "नुसतां धर. आणि सोडू नको."

"कितीवेळ?"

"मी सांगतंय तोपर्यंत."

काका तसे उभे राहिले. एक माशी त्यांच्या नाकावर बसली, उडाली, पुन्हा बसली. कुमुदिनीनं ती हाकलली आणि हाकलता हाकलता पदराच्या टोकानं त्यांचे डोळेही पुसून घेतले, घाम पुसल्यासारखे. काकी घरात जाऊन वाटी घेऊन आली. बोटीच्या सावलीत बसली, मुलीला पुढ्यात बसवलं, तिचा अंबाडा सोडला आणि टाळूवर तेल घातलं. काकांचं तोंड नाळीकडे. त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. खोबरेलाचा वास मात्र खोपीभर पसरला होता, तो त्यांनाही आला असणार.

"बरी आसस?" त्यांनी फळीला विचारलं.

"बरी आसंय," मागून उत्तर आलं. "हात हलवू नको."

तेल जिरवून झालं. वेणी घालून झाली. काकी चुलीकडे गेली, थोड्या वेळानं तिकडून मासे तळल्याचा वास यायला लागला. मी जवळ जाऊन फळीच्या कडेवर नख वाजवलं. टणक आवाज आला. गोंदानं केव्हाचं धरलं होतं. आता त्या बोटीचे तुकडे झाले असते तरी ते नाव नाळीपासून हाललं नसतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि कुमुदिनीकडे बघितलं. ती वेणीचं टोक चाळवत बापाच्या पाठीकडे बघत बसली होती. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

मी तोंड मिटलं. उन्हं खोपीत आली, काकांच्या पायांवर आली, गुडघ्यांवर आली. जेवायची हाक आली. काका नावावर हात ठेवून तसेच उभे होते, आणि झालं म्हणून त्यांना कोणीही सांगत नव्हतं.